हजार मेल आणि सगळ्यांचा विषय श्री

दिग्रसला मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटर मी बसवला, इंटरनेट मी जोडलं आणि मेलचा प्रोग्रॅमही मीच घातला. चारचौघं वापरतात तो नव्हे. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरचा. "यात व्हायरस येत नाही," असं मी शेठना छातीठोक सांगितलं होतं.

मेल टाइप करायचे मुनीमजी. चाळीस वर्षांत त्यांनी वर 'श्री' घातल्याशिवाय एक कागद लिहिला नव्हता. मेलमध्ये सगळ्यात वर विषयाची चौकट दिसली, तिथे त्यांनी श्री लिहिलं. प्रत्येक मेलला. उत्तरं त्याच मेलवर यायची, म्हणून तीही श्रीच. शेठ मुसलमान, पण ही पद्धत त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनची, त्यांची कधी हरकत नव्हती. हजारेक मेल साठले, विषय एकच.

कापसाची ती पडती वर्षं. आजूबाजूच्या जिनिंगा एकेक करून बंद होत होत्या. अशात एका सकाळी दक्षिणेतल्या सूतगिरणीचा फोन आला: तुमच्या या गाठी दुसऱ्या वेचणीच्या, म्हणजे हलक्या कापसाच्या आहेत, असा माल आम्ही मागितलाच नव्हता, ट्रक परत पाठवतो.

"त्यायच्याच माणसानं मेल केलता, दुसरी वेच चालते म्हणून!" शेठ म्हणाले. "चार वाजेपर्यंत दाखवा म्हणतात. मास्तर, काढा बरं तो मेल. हे गिऱ्हाईक गेलं तर आपली जिनिंगबी गेली समजा."

प्रोग्रॅम शोधायचा फक्त विषयातून. त्याला विचारलं की तो हजार श्री पुढ्यात टाकायचा. पण माझ्याकडे जालीम औषध होतं: कॉम्प्युटरच्या पोटातलं अक्षर न् अक्षर शोधणारं एक नवं सॉफ्टवेअर. ऐटीत घातलं. त्यात ओळखीच्या मेल प्रोग्रॅमांची यादी होती. आमचा तिच्यात नव्हता, म्हणजे आमचे मेल त्याला वाचता येणार नव्हते.

आमच्या प्रोग्रॅमनं सगळे मेल एकाच मोठ्या फाइलीत कोंबले होते. मी त्या फाइलीचं नाव बदलून ती साध्या मजकुराची आहे असं भासवलं. आता सॉफ्टवेअरला ती वाचता आली, पण काहीही शोधा, उत्तर एकच: या फाइलीत आहे. बैल हरवला म्हणून पाटलाकडे जावं आणि त्यानं अख्ख्या गावाकडे बोट दाखवावं, तसं. तेवढ्यात मुनीमजींनी मेल उघडला.

"मास्तर, सारे मेल गायब!"

नाव बदलल्यानं प्रोग्रॅमला स्वतःचीच फाइल ओळखू येईना. मी घाईघाईनं जुनं नाव परत दिलं आणि 'चाचणी होती' म्हणालो.

मग प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात एक सोय सापडली: प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत काढायचा. हे सॉफ्टवेअरला नक्की वाचता येणार! बटण दाबलं, चहा मागवला. चहा संपला तेव्हा फोल्डरमध्ये फाइल होती एक. नाव, श्री. प्रत्येक मेल विषयाच्या नावानं निघत होता आणि आधीच्या श्रीवर नवा श्री चढत होता.

"हजाराचा एक केला ना तुमी!" शेठ कपाळाला हात लावून म्हणाले. मूळ मेल प्रोग्रॅममध्ये शाबूत होते, पण घड्याळात अडीच.

मुनीमजी मात्र शांतपणे पान लावत होते. "गाठी काय नावानं ओळखतो का आपण? साऱ्या सारख्याच दिसतात. नंबर टाकतो ना भाऊ. तुमच्या मशीनले नंबर टाकता येत नाही का?"

येत होता. तिथेच, खाली, एक चौकोन. एवढा वेळ माझ्या नाकासमोर. खूण केली, पुन्हा बटण दाबलं. श्री एक, श्री दोन, श्री तीन... फोल्डर भरत गेलं. सॉफ्टवेअरनं ते वाचून काढलं आणि मी इंग्रजीत 'दुसरी वेचणी' टाकलं. चार मेल. त्यातला तिसरा गिरणीच्याच माणसाचा: दुसरी वेचणी चालेल, पाठवा.

"अरे वा रे पठ्ठे!" शेठ खुर्चीतून उठलेच. मेल लगेच गिरणीला पाठवला. पावणेचारला फोन आला; ट्रक खाली करायला घेतला होता. बाहेर सरकीच्या ढिगाजवळ काम करणाऱ्या बायांना ही बातमी मुनीमजींनी स्वतः जाऊन सांगितली.

मी छाती फुगवून म्हणालो, "आता काहीही शोधा! हा घ्या, 'मास्तर' टाकतो."

दोन मेल. पहिला मुनीमजींचा, यवतमाळच्या एका कॉम्प्युटरवाल्याला: आमचा मास्तर कुचकामी आहे, दुसरा माणूस पाठवा. मुनीमजी पानाचा डबा शोधू लागले. दुसरा त्याचं उत्तर: तुमचा प्रोग्रॅम आमच्याकडे कोणालाच येत नाही, आहे तोच मास्तर सांभाळा.

त्या उत्तराची प्रिंट माझ्या क्लासच्या भिंतीवर कैक वर्षं होती. पहिला मेल मात्र मी लावला नाही.