दोन दुकानांच्या ताई

बटण दाबण्याआधी ताई माउसवरचा हात उचलायच्या आणि स्वतःलाच विचारायच्या, "कुठून कुठं?"

शिरूरच्या फोटो स्टुडिओत मी कॅमेरा धरायचो, त्या कॉम्प्युटर सांभाळायच्या. शेठचं दुसरं दुकान दौंडला. लग्नांचे फोटो-व्हिडिओ दोन्हीकडं सारखे ठेवायचे, म्हणजे एक डिस्क गेली तरी गिऱ्हाइकाचं लग्न जात नाही. आधी दर वेळी सगळंच नव्यानं कॉपी व्हायचं. दिवस जायचा, मशीन अडकायचं. ताईंनी दोन्हीकडची फोल्डरं ताडून बघणारा प्रोग्रॅम बसवला. जे बदललंय तेवढंच हलायचं, एकीकडं पुसलेलं दुसरीकडंही पुसलं जायचं. एक भाकरी करपली म्हणून कुणी सगळं पीठ परत मळतं का, म्हणायच्या.

कामाची सवय जाईल तिथं घेऊन फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ताई "कुठून कुठं?" विचारायच्या, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायच्या.

एकदा दौंडला कुणीतरी जागा करायच्या नादात जुन्या लग्नांचं फोल्डरच उडवलं. आम्हाला पत्ता नव्हता. संध्याकाळी ताईंनी प्रोग्रॅम लावला, तर पडदाभर नावं आली आणि प्रत्येकापुढं 'डिलीट'. शेठ घाईत होते. दाबून मोकळ्या व्हा म्हणाले.

"न्हाई शेठ. दौंड रिकामं झालंय. आता दाबलं तर शिरूरबी रिकामं व्हईल."

शेठ स्टूल ओढून बसले. ताईंनी दिशा उलटी केली. शिरूरची लग्नं हळूहळू दौंडला जाऊ लागली.

त्यातल्याच एका लग्नातली नवरी पुढं कवठे येमाईहून आली. वडील वारले होते, त्यांचा आवाज कुठंच उरला नव्हता. व्हिडिओत ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून पाहुण्यांना बजावत होते, "जेवल्याबिगर कुणी जायाचं न्हाई." ताईंनी उठून पंखा बंद केला. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहिलो.

मागच्या वर्षी ताईंची आई अंथरुणाला खिळली आणि ताई काम सोडून निमोण्याला गेल्या. दुकानात लावायला शेठना त्यांचा फोटो हवा होता. मी दोन्हीकडची फोल्डरं धुंडाळली. एवढ्या माणसांत त्यांचा एकही नव्हता. शेवटी कॅमेरा घेऊन निमोण्याला गेलो. त्या घरामागच्या रानात शेवंती तोडत होत्या.

"आधी आईचा काढ," म्हणाल्या.

त्यांनी घरात येऊन आईचे केस विंचरले, उशीला टेकवून बसवलं. मी फोटो काढला. वळून बघतो तर फुलांचं क्रेट डोक्यावर घेऊन ताई बांधावरून बाजाराच्या टेम्पोकडं निघाल्या होत्या, पाठमोऱ्या.