बोर्डाचे आबा

आबा कुणाच्या तोंडाकडे बघून ऐकत नसत. समोरचा बोलायला लागला की त्यांची मान खाली जायची आणि पेन्सिल शॉर्टहँडच्या वहीवर पळायला लागायची. बोलणं थांबलं की पेन्सिल थांबायची. मग चष्मा वर सरकवून ते आपलंच बोलणं आपल्याला वाचून दाखवायचे, ग्रामपंचायतीचा शिपाई नोटीस वाचतो तशा सपाट आवाजात. आपण केवढ्या ऐटीत बोललो होतो आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच, हे तेव्हा कळायचं. वाचून झालं की त्यांचा एकच प्रश्न असे. "ह्ये तू बोललास. आता तूच सांग, ह्या माणसाच्या विमानात तू तुझ्या आईला बसवशील का?"

मुंबईला एका विमान कंपनीत ते तीस वर्षं स्टेनो होते. वैमानिक निवडायला बोर्ड बसायचं, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांनी त्या खोलीत एक शब्द उच्चारला नाही आणि त्यांना कुणी काही विचारलंही नाही. मूळचे पळसदेवचे, पण ते मुंबईत असतानाच जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. निवृत्त झाल्यावर ते इंदापुरात आले. तहसील कचेरीच्या मागे एक खोली घेतली आणि टायपिंगचा क्लास काढला. बारामतीला विमान शिकणारी पोरं आहेत असं कळल्यावर पाटीवर 'पायलट इंटरव्ह्यू' अशी एक ओळ वाढवली. तेव्हापासून त्यांना सगळे बोर्डाचे आबा म्हणायला लागले.

"विमान कसं उडतंय ते मला ठावं न्हाय," ते सांगायचे. "पण माणूस कुठं घसरतोय ते ठावं हाय."

फी आगाऊ घेत आणि त्यात कुणाला सूट नसे. "फुकट शिकवलं की पोरं उशिरा येत्यात," म्हणायचे. दर रविवारी अकराच्या ठोक्याला हजर व्हावं लागे. बारामतीच्या धावपट्टीवर शिकायला मुंबई-दिल्लीची श्रीमंताघरची पोरं होती. काळे चष्मे लावून ती लाल एसटीच्या मागच्या बाकावर धक्के खात इंदापूरला यायची. आबा त्यांच्याशी कडक इस्त्रीचं इंग्रजी बोलायचे आणि माझ्याकडे वळले की "बस की रं हितं" म्हणायचे. मला ते फार बरं वाटे.

आता माझं सांगतो. आम्ही मोरगावकडचे धनगर. आजोबांपर्यंत मेंढरं, आमच्या वडिलांपासून शेती. बारामतीजवळचा आमचा जमिनीचा तुकडा औद्योगिक वसाहतीत गेला. त्या पैशांत बाकीच्यांनी जीपगाड्या घेतल्या, आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला विमान शिकायला घातलं. गावाला हा मोठाच विषय झाला. "मेंढरं वळायची सोडून सोपानरावाचं पोरगं ढगं वळाय निघालंय," असं पारावर चालायचं. दादा हसून सोडून द्यायचे. पण मला परवाना मिळाला आणि नोकरी काही मिळेना, तेव्हा त्यांनी पारावर जाणंच बंद केलं.

त्या वर्षांत नव्या विमान कंपन्या निघत होत्या. मी मुंबईच्या एका भारी क्लासला गेलो. तिथे टाइप केलेली उत्तरं मिळायची, ती पाठ करायची. पहिल्या मुलाखतीत माझी दांडी उडाली. दुसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, तुमच्यातला दोष कोणता? मी सुरू केलं, "सर, मी कुठलंही काम परिपूर्ण झाल्याशिवाय..." साहेब म्हणाले, "...सोडत नाही आणि मित्र त्याबद्दल तक्रार करतात. पुढे बोला." माझ्याआधी त्याच क्लासची चार पोरं आत जाऊन आली होती. पुढचं मला काहीच येत नव्हतं.

मुलाखतीचा तिसरा कॉल आला तेव्हा तीन आठवडे हातात होते. परवाना चालू ठेवायचा तर विमान उडवत राहावं लागतं आणि जमिनीचे पैसे संपले होते. हेही गेलं असतं तर सगळंच गेलं असतं. म्हणून मी इंदापूरची गाडी धरली.

पहिल्याच रविवारी आबांनी विचारलं, "विमान घेऊन कधी वाट चुकलास का?"

"नाही सर, कधीच नाही," मी पाठ केलेलं ठोकून दिलं.

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "'कधीच न्हाय' म्हणणारं पोरगं बाहेर गेलं की बोर्डाची माणसं एकमेकांकडं बघून हसत्यात. मी तीस वर्सं बघितलंय. खरं बोल."

मग मी सांगितलं. परवान्याआधी सोलापूरहून एकटा परत येत होतो. मे महिना, खाली सगळा धुरळा. उजनीचं पाणी दिसलं की त्याच्या काठाकाठाने यायचं ठरवलं होतं. पण नकाशातलं धरण भरलेलं आणि खालचं आटलेलं. नकाशात पाणी होतं तिथे भेगाळलेली जमीन होती. एक वळण जुळेल तर शपथ. मी घिरट्या घालत राहिलो. शेवटी गाळातून वर आलेलं दगडी देऊळ दिसलं आणि हे पळसदेव, असं ओळखून मी बारामतीची दिशा धरली. पंचवीस मिनिटं उशिरा उतरलो.

पेन्सिल थांबली होती. मी बोलत असताना ती थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

"शिखर दिसलं?" आबांनी विचारलं.

"दिसलं."

"आन् पायऱ्या?"

"आबा, वरून पायऱ्या कशा दिसतील?"

"व्हय, त्ये बी खरंच," म्हणत त्यांनी वहीचं पान उलटलं. "पुन्यांदा सांग. माझं लिव्हायचं राहिलं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "पंचवीस मिनिटं तू वर घिरट्या घालत व्हतास. रेडिओ व्हता?"

"होता."

"ह्यात तर तू कुणाशीच बोलला न्हाईस."

रेडिओवर विचारलं असतं तर आमच्या फ्लाइंग क्लबातल्या सगळ्यांनी ऐकलं असतं. धनगराचं पोर आपल्याच मुलखात वाट चुकलं, असं ती काळ्या चष्म्याची पोरं म्हणाली असती. म्हणून मी विचारलं नव्हतं. टाकीतलं इंधन कमी होत होतं आणि मी लाजत होतो.

"बोर्डापुढं ह्येच सांगायचं," आबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या बापाची जमीन गेलीय ह्याच्यात! फी घेऊन नोकरी घालवायचा धंदा काढलाय काय तुमी?"

आबांचा आवाज चढला नाही. "फी म्या वाचून दाखवायची घेतो. नोकरी देतो आसं पाटीवर कुठं लिव्हलंय?"

मी तणतणत उठलो आणि मिळेल त्या गाडीने घरी आलो. दादा शेळीला पाला टाकत होते. रागाच्या भरात त्यांना सगळं सांगून टाकलं, हरवल्याचंसुद्धा. वाटलं, आता म्हाताऱ्याला शिव्या बसतील. दादांनी हातातला पाला खाली ठेवला.

"मंग त्यात काय? ल्हानपणी तुझ्या आज्यासंगं मेंढरं घिऊन कोकणात उतरताना आमी काय कमी वाटा चुकलो? पयल्या वस्तीवर इचारायचं. लाज धरून पुढं रेटलं की मेंढरं मरत्यात. तुझ्या माघारी तर माणसं बसणार." आणि पाला पुन्हा उचलून म्हणाले, "तो म्हातारा शाणा दिसतोय. ऐक त्याचं."

पुढच्या रविवारी पावणेअकरालाच मी आबांच्या दारात उभा होतो. त्यांनी मागचं काही काढलं नाही. वही उघडली आणि म्हणाले, "हां, कर सुरू."

मुंबईच्या बोर्डात चार साहेब होते. वाट चुकण्याचा प्रश्न आलाच. मी होतं तसं सांगितलं. त्यातल्या वयस्कर कॅप्टननी विचारलं, "रेडिओवर मदत का मागितली नाही?"

"लाज वाटली, सर."

कॅप्टननी मान वर केली.

"आणि आज?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत दादांचं बोलणं सांगितलं, पहिल्या वस्तीचं आणि मेंढरांचं. 'वस्ती'ला शब्द सुचेना, म्हणून हातांनी झोपड्या दाखवल्या. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. कोपऱ्यात एक बाई टिपून घेत होत्या. त्यांचं लिहून होईपर्यंत मी पुढचं वाक्य थांबवलं. आबांकडे बसून तेवढी सवय लागली होती.

निवडीचं पत्र आलं तसा आबांना फोन केला आणि दोन दिवसांनी पेढे घेऊन इंदापूरला गेलो. आबांनी पत्र दोनदा वाचलं, समास बरोबर सोडलाय म्हणाले आणि एक पेढा खाल्ला. मी खट्टू होऊन बाहेर पडलो, तर शेजारचा मुद्रांकवाला हाक मारून म्हणाला, "अहो, तुमचं लागलं म्हून परवाच्याला तुमच्या फोननंतर आबांनी सगळ्या कचेरीला च्या पाजला की!" मी कचेरीच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. आजही सांगतो, खांद्यावर पट्ट्या चढल्या त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला नाही, तेवढा त्या पायरीवर वाटला होता.

पुढे चार-पाच वर्षांनी आबा गेले. दहाव्याला नव्या पळसदेवजवळ पाण्याच्या काठी आम्ही त्यांचे नऊ विद्यार्थी जमलो. कुणी दिल्लीहून आला होता, कुणी रात्रपाळी करून तसाच. दादाही माझ्याबरोबर आले होते. विधी आटोपल्यावर बाभळीखाली सगळे उभे असताना दिल्लीचा तो पोरगा, आता कॅप्टन झालेला, म्हणाला की मी एकदा चुकीच्या धावपट्टीवर उतरायला निघालो होतो आणि ते आयुष्यात पहिल्यांदा आबांना सांगितलं. दुसरा म्हणाला, मी इंधनाचं झाकण न लावताच निघालो होतो. मग जो तो आपापली चूक सांगायला लागला. घरी बायकोला न सांगितलेल्या चुका एवढी मोठी माणसं ताठ मानेने सांगत होती, आणि आबांचा मुलगा आ वासून ऐकत होता.

माझी पाळी आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादांनी टोपी सारखी केली आणि एक पाऊल पुढे आले. माझ्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"ह्यो माझा. ह्यो तर भर दिवसा हरवला व्हता!"