सरळ स्टिअरिंग, वाकडं चाक

रविवारी सकाळी बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून आम्ही निघालो, तेव्हा व्हॅनमधल्या मुलांचे दोन बाप आणि एक आजोबा फाटकाशी उभे होते. निरोप द्यायला नव्हे, पंचनामा करायला. वंदनाताई, माझी मावसबहीण, शाळेची व्हॅन चालवते. मागे आलेल्या मोठ्या पुरात उखडलेला आणि अजून कुणालाही नीट करावासा न वाटलेला आमचा रस्ता. त्यातल्या एका खड्ड्यात तिच्या जुन्या व्हॅनचं पुढचं डावं चाक आदळलं. उल्हासनगरच्या एका गॅरेजने गाडी दुरुस्त करून दिली आणि तेव्हापासून ती बिघडली. सरळ चालता चालता डावीकडे सरकायची. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपसूक मागे यायला हवं, ते ओढून आणावं लागायचं. शनिवारी शाळेजवळ गाडी फुटपाथला घासली. आत मुलं होती.

"उद्या पोरांना पाठवायचं का नाय, ते संध्याकाळी सांगा," म्हात्रेभाऊ म्हणाले. त्यांची मुलगी या व्हॅनने जाते. मग जरा आवाज उतरवून, जणू उपकारच: "गाडी झालीय हो नीट. मला वाटतं हात. बाईमाणसाचा हात हलका पडतो."

मी बदलापुरातच, शिरगावात राहते, रस्त्यांवर पत्रकं काढते, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर घसा फोडते. माझ्या तोंडाशी चार पानी उत्तर आलं होतं. ताईने माझा दंड धरून मला गाडीत बसवलं.

"आज बोलायचं नाय. आज शोधायचं," ती म्हणाली.

मुलं दुसऱ्या व्हॅनकडे गेली की परत येत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भावजींची कंपनी बंद पडल्यापासून घर या चार चाकांवर चालतं.

अंबरनाथच्या अलीकडे कारखान्यांचा पट्टा लागतो. रविवारी तिथला रस्ता रुंद आणि रिकामा. हवेला मात्र सुट्टी नसते. नाकात जळक्या प्लास्टिकसारखा वास घुसतो आणि कडेच्या नाल्यातलं पाणी कधी तांबडं, कधी निळं. या नाल्यावरही मी पत्रक काढलंय. नाला तसाच आहे.

इथे ताईने पहिली परीक्षा घेतली. गाडी हळू चालवत स्टिअरिंगवरची पकड सैल केली. व्हॅन शहाण्यासारखी डावीकडे निघाली.

"आता सगळे काय बोलतील? रस्ता डावीकडे उतरता आहे," ती म्हणाली. "म्हणून आता पलीकडच्या अंगाने चालवते. तिथे उतार उजवीकडे आहे. तू मागून कोण येतंय ते बघ."

रस्त्याच्या उजव्या अंगाला जाऊन तिने पुन्हा हात सैल केले. उतार उजवीकडे, तरी व्हॅन डावीकडेच. रस्ता सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या रस्त्याला निर्दोष ठरवलं, तेही फक्त एका कलमातून.

थांबून तिने दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहिला. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर ते चाक जास्त तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. दोन्ही चाकं सारखीच कोमट. ब्रेकही सुटला.

अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेला एका टपरीवर वडापाव खाल्ला. वडा गार, चटणी मात्र डोळ्यांतून पाणी काढणारी. शेजारीच टायरचं दुकान. दुकानदार उत्तरेकडचा, कपाळाला टिळा. त्याने हवा तपासली, दोन्हीकडे सारखी. ताईने पुढची दोन्ही चाकं अदलाबदल करायला सांगितली: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. टायरमध्येच दोष असेल तर ओढ बाजू बदलेल. एक फेरी मारून आलो. ओढ डावीकडेच.

"टायर एकदम ओके हैं, मॅडम," तो म्हणाला. मग मान हलवून: "घर में कोई जेंट्स होगा ना? उनको चलाने दो एक दिन. और आगे नींबू-मिर्ची बांधो. नजर लगी है."

"नींबू से टायर में हवा भरते हो क्या, भैया?" ताईने विचारलं. आमच्या घरात हे प्रकार आजोबांच्या पिढीतच बंद झाले. डॅशबोर्डवर एक लहानसा बुद्ध आहे, तो कुणाची नजर काढत नाही. टायरवाला मनापासून हसला आणि नट पुन्हा एकदा आवळून देत म्हणाला, "आप गुस्सा मत होइए." मी झालेच होते. पहिल्या गावात हात, दुसऱ्या गावात नजर. गाडीखाली वाकून बघायला कुणी तयार नाही, पण चालवणारीकडे बघायला सगळे तयार!

उल्हासनगरात शिरलं की रस्ता दुकानांच्या पोटातून जातो. जीन्सचे ढीग, फर्निचर, मिठाई, आणि या सगळ्यामागे गॅरेजची गल्ली. तिथे वळताना आमची फजिती झाली. ताईने स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं, पण व्हॅन वळेचना. मागे घेतली, पुन्हा वळवली, तरी नाही. शेवटी गल्ली आडवी अडवून आम्ही एका फळांच्या गाडीसमोर उभ्या राहिलो.

"ओ ताई, पपई घ्या नायतर गाडी घ्या!" फळवाला ओरडला.

"घेते रे, थांब." मग ताई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बदलला होता. "अगं, या गल्लीत मी एका दमात वळायची. ही डावीकडे भरपूर वळते आणि उजवीकडे अर्ध्यात संपते."

कसंबसं गॅरेजसमोर आलो. ताई आत गेलीच नाही. ती उजव्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायरच्या मागे, टायर आणि पत्र्याच्या मधे, हात घातला. सबंध पंजा आरामात गेला. मग डाव्या बाजूला आली. तिथे बोटं गेली, पंजा अडकला.

"घाल तुझा," ती म्हणाली. मी घातला. माझाही अडकला. डावं चाक मागे सरकलेलं होतं! चाकाला जागेवर धरणारा खालचा लोखंडी दांडा, त्याला इथे 'आर्म' म्हणतात, खड्ड्यात वाकला होता आणि तसाच वाकडा ठेवला होता. गाडीची ओढ तिथून होती. हात, नजर, रस्ता, टायर, कुणाचाच संबंध नव्हता.

गॅरेजचे सेठ सिंधी, वयस्कर, वागायला गोड. "आओ साईं," (साईं म्हणजे आदराची हाक) म्हणत त्यांनी आमच्यापुढे दाल पकवान (कडक तळलेली पुरी आणि चणाडाळ) ठेवलं. भूक लागलेली असूनही मी खाल्लं नाही. ताईने खाल्लं. खाता खाता विचारलं, "सेठ, आर्म वाकडा आहे. तुम्ही काय ठीक केलं?"

सेठनी मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री आपल्याकडचाच, कर्जतच्या बाजूचा. त्याने काहीच लपवलं नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"आर्म त्या दिवशी मार्केटात नव्हता, ताई. गाडी सरळ चालवली तर स्टिअरिंग वाकडं दिसत होतं. मग चाकं वळवणारे खालचे रॉड थोडे इकडेतिकडे केले, स्टिअरिंग काढलं आणि सरळ करून बसवलं."

"म्हणजे चाक वाकडंच, आणि स्टिअरिंग तेवढं सरळ दाखवलं? म्हणूनच ते उजवीकडे अर्ध्यात संपतं?"

"गिऱ्हाईक स्टिअरिंगच बघतो ना. सगळेच असं करतात. सरळ दिसलं की खूश."

"खाली कौन झुक के देखता है, बेटी?" सेठ म्हणाले. त्यात लाज नव्हती. ही इथली कामाची रीतच. जे डोळ्यांना दिसतं ते नीट करायचं, म्हणजे काम झालं. आमची नगरपालिका दुभाजक रंगवते आणि खड्डे ठेवते, अगदी तसंच.

मी उठले. कोपऱ्यात ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा होता, तो ओढला, पिशवीतून मार्कर काढला. गॅरेजच्या दारात बसून फलकच लिहायचा: इथे मुलांच्या जिवाशी खेळ होतो. पहिले दोन शब्द लिहूनही झाले. गल्लीतली माणसं जमायला लागली. सेठचा चेहरा कडक झाला. "संडे है. आर्म नहीं मिलेगा. कल आना," ते म्हणाले.

ताईने माझ्या हातातून मार्कर काढून घेतला.

"तुला मोर्चा पाहिजे, सुजे. मला सोमवारची गाडी पाहिजे."

मला ते झोंबलं. अजून झोंबतं. ती सेठकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक आहे, उद्या येते. फक्त तुम्ही आता माझ्या बाजूला बसा. मिस्त्री चालवेल, अंबरनाथपर्यंत. कारखान्यांच्या रस्त्याला तो गाडी पळवेल आणि हात सैल सोडेल. परत आलो की मी निघते."

सेठ मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्री जमिनीकडे.

"चला ना, सेठ. गाडी ओके आहे ना?"

"साईं, बैठो ना!" फळवाला मागून ओरडला. गल्ली हसली. सेठ बसले नाहीत. व्हॅनचा दरवाजा उघडा होता, सीट रिकामी होती, आणि स्वतःच्या गॅरेजमधून 'ओके' होऊन गेलेल्या गाडीत तो माणूस पाय टाकायला तयार नव्हता. त्या सीटवर म्हात्रेभाऊंची मुलगी बसते. पहिलीत आहे.

मग रविवारी न मिळणारा आर्म मिळाला. सेठनी कुठल्याशा भाच्याला फोन केला, दुकानाचं शटर उघडायला लावलं. मिस्त्रीने जुना आर्म काढून नवा घातला, रॉड पहिल्यासारखे केले, स्टिअरिंग पुन्हा काढून खरोखर सरळ बसवलं. ताई सगळा वेळ शेजारी वाकून उभी होती. प्रत्येक नट आवळताना तिने पाहिला. उशीर झाला, पण गल्लीतून बाहेर पडताना व्हॅन एका दमात वळली. पपई आम्ही खरंच घेतली.

परतीच्या वाटेवर कारखान्यांपाशी ताईने पकड सैल केली. गाडी सरळ गेली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नाल्याचा वास."

हेंद्रेपाड्यात दिवेलागणीला पोचलो. म्हात्रेभाऊ येऊन गाडीत बसले, पुलापर्यंत फेरी मारून आले. उतरताना समाधानाने म्हणाले, "बसला हात तुमचा आता. पाठवतो पोरीला."

मी तोंड उघडलं. ताई म्हणाली, "सोड गं. पाठवतोय ना."

तिला सोडायलाच हवं होतं. तिच्या गाडीत उद्या मुलं बसणार होती. माझ्या गाडीत कुणी बसत नाही, म्हणून मी सोडलेलं नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तीन गावं फिरले. चूक लोखंडात होती, आणि दिवसभर लोकांनी ती एका बाईच्या मनगटात शोधली. सापडली नाही, तरी त्यांनी ती तिथेच ठेवून दिली. तेवढी काढायला कुठल्या गॅरेजला जायचं, ते मला कुणीतरी सांगा.