सहा मिनिटांचं जेवण

आमच्या मामेसासऱ्यांइतकं माणसाच्या थुंकीवर प्रेम करणारा गृहस्थ अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मी तालुका सोडून जाईन. शहरातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर नळ्या धुतल्या. निवृत्त होऊन टाकवे बुद्रुकला परतले ते दोन डझन परीक्षानळ्या, आयोडिनची बाटली आणि एक स्टॉपवॉच घेऊन. त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्या मिळण्याआधी काचेची नळी मिळते. "थुका," मामा म्हणतात. नवा जावई म्हणून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, ही मावळातली काहीतरी रीत असेल. मी भक्तिभावाने थुंकलो आणि वर नळीला नमस्कार केला. बायको पुढे वर्षभर हे सगळ्यांना सांगत होती.

प्रयोग तसा साधा. भाताच्या पेजेत आयोडिनचा थेंब टाकला की पेज शाईसारखी निळी होते. त्यात लाळ घातली की लाळेतलं विकर पेजेतलं पिष्ट तोडून त्याची साखर करत जातं आणि निळा रंग विरत विरत नाहीसा होतो. किती वेळात, ते मामा वहीत लिहितात. गावातलं एकही तोंड त्या वहीतून सुटलेलं नाही. माझ्या नावापुढे 'पावणेदोन मिनिटं' आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अधाशी'.

"विकर म्हंजे कात्री, जावईबापू," त्यांनी मला समजावलं होतं. "एका कात्रीनं एकच कापड कापायचं. पिष्टाची कात्री मटणाला लागत न्हाई. अन् ही कात्री परथिनाची असती, म्हणून उकळायची न्हाई. उकडलेलं अंडं परत कच्चं झालेलं बघितलंय का कुटं?" गावच्या जत्रेत मटण लवकर शिजावं म्हणून आचाऱ्याने कच्ची पपई घातली, तेव्हा मामा पंगतीत उभे राहून म्हणाले, "पपईतली कात्री मटणाचं परथिन कापती. आता जीभबी मटणच हाय म्हणा." अर्धी पंगत हात धुवायला उठली. एकदा त्यांनी कांदा ठेचून, मीठ आणि भांड्यांचा साबण घालून, वर गार स्पिरिट ओतून काचेच्या काडीवर त्याच्या डीएनएचे पांढरे धागे गुंडाळून काढले. "ह्यात कांद्याचं समदं कूळ लिवलंय," असं ऐकल्यावर शेजारच्या मावशी आठवडाभर कांदा चिरेनात.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण मामा एखादं वाक्य असं बोलतात की हसता हसता मानेवरून गार काहीतरी सरकतं. अंत्यविधीहून परतताना एकदा ते सहज म्हणाले, "माणूस मेला, हे विकरांना कोण सांगाय जातंय? ती आपली कापत बसत्यात."

मामी होत्या तोवर रोज सकाळी पहिली नळी त्यांची. "नवरा रोज उठून थुंकी मागतो, हे मी माहेरी सांगू कसं?" असं त्या मला विचारायच्या आणि थुंकून द्यायच्या. त्यांची वेळ कायम सहा मिनिटं. घरात सर्वांत शेवटी जेवणार, आणि शेवटचा घास तोंडात धरून मागच्या दाराकडे बघत बसणार. "भाकर गोड होस्तोवर गिळायची न्हाई," म्हणायच्या. त्या आजारी पडल्या तेव्हा मामांनी त्यांची लाळ चिमुकल्या बाटल्यांमध्ये भरून फ्रिजच्या बर्फात ठेवली. मला वाटलं, दवाखान्यासाठी असेल.

ती पित्रांसाठी होती. दरवर्षी अविधवा नवमीला गाव कौलांवर पानं ठेवून कावळ्याला हाका मारतं. मामा मारत नाहीत. "कावळ्याचा काय भरवसा? तो कुणाच्याबी पानात जेवतो." ते एक बाटली बाहेर काढायचे, नैवेद्याच्या भाताची पेज निळी करायचे आणि तिच्यात मामींची लाळ घालायचे. सहा मिनिटांनी पेज नितळ व्हायची. मग मामा म्हणायचे, "जेवली." आणि मगच स्वतः जेवायचे.

तीन वर्षांपूर्वी एकच बाटली उरली होती. पावसाळ्यात लाइट जाऊन बाकीच्या नासल्या होत्या. बायको शिकवते त्या शाळेत परीक्षा असल्यामुळे तिने मला एकट्यालाच पाठवलं आणि बजावलं, "तिकडे काही करू नका. नुसते बसा."

मी नुसता बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

भर दुपार होती, पण आंदर मावळाच्या डोंगरांवरून धुकं असं उतरलं होतं की समोरचा गोठाही दिसेना. कौलांवर एक कावळा न ओरडता बसला होता. मामांनी माझ्या हातात बाटली दिली. "कोमट पाण्यात धरा. अंगाइतकं कोमट. मी आंगूळ करून आलोच." मला घरी परतायला कान्ह्याहून बेगडेवाडीची लोकल गाठायची होती. चुलीवर पातेल्यात पाणी होतंच, लवकर होईल म्हणून बाटली त्यात सोडली आणि वही चाळायला लागलो. टक् टक् आवाज आला. मला वाटलं, मागच्या दारात कोणी आलं. दार उघडलं तर नुसतं धुकं. टक् टक्. मग कळलं, पाणी खळखळा उकळतंय आणि बाटली पातेल्याला आतून धडका देतेय, बाहेर काढा म्हटल्यासारखी.

उकडलेलं अंडं मला आठवलं. मोरीतलं पाणी वाजायचं थांबलं होतं. बाटली खिशात कोंबली, फडताळातली तसलीच रिकामी घेतली आणि तिच्यात थुंकलो.

मामा सोवळं नेसून आले. नळीत थेंब पडले. स्टॉपवॉच सुरू झालं. मी देवाला म्हणालो, आजच्या दिवस माझ्या अधाशीपणाला थोडा आवर घाल. पण पावणेदोन मिनिटांत निळा रंग उडाला आणि पेज नितळ झाली. मामा स्टॉपवॉचकडे बघत राहिले.

"जेवली," ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "आज लय भूक लागल्याली दिसती."

आम्ही दोघं जेवलो. मला एक घास गोड लागला नाही. निघताना मामा दारापर्यंत आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

"ती खिशातली द्या, जावईबापू. उकडली तरी तिचीच हाय."

मी बाटली दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा बर्फात ठेवून दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. "नवमीला या. नळी मांडून ठिवतो."

मी गेलो. या वेळी त्यांच्या समोरच थुंकलो. उकडलेली बाटली त्यांनी शेजारी ठेवली होती, रिकाम्या पाटापुढे पान वाढावं तशी. दोन मिनिटं झाली, पेज निळी. चार झाली, तरी निळीच. कौलांवर कसलीच हालचाल नव्हती. मागच्या दाराची कडी एकदा हलली, वारा असावा. सहाव्या मिनिटाला पेज नितळ झाली.

मी घाईघाईने कारणं सांगितली. दिवस गार आहे, पेज दाट झाली असेल, येताना मी चहा घेतला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग वही उघडून माझ्या नावापुढचं 'अधाशी' खोडलं. त्या जागी काहीच लिहिलं नाही. फ्रिजच्या दाराला हात टेकवून म्हणाले, "जेवली. निवांत."

आता दर नवमीला मी जातो. वेळ सहाच भरते. घरी मात्र मी कोणापाशी बोललेलो नाही. परवा सगळ्यांची जेवणं आटोपली, ताटं उचलून झाली आणि मी तेवढा पाटावर उरलो होतो. ओटा पुसता पुसता बायको थांबली.

"अहो, तुम्ही अलीकडे मामीसारखे जेवायला लागलात. आणि मागच्या दाराकडे काय बघताय?"

माझ्या तोंडात शेवटचा घास होता आणि भाकरी नुकतीच गोड व्हायला लागली होती.