चलानावरची वेळ

तीस वर्षं मी गाडी चालवतो आहे आणि तीसही वर्षं घरचे तिला बैलगाडी म्हणत आले. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून निघालो की सायकलवालेसुद्धा मला मागे टाकून जातात. त्यामुळे आई गेल्याच्या पाचव्या दिवशी, पापनाशमला बहिणीच्या घरी सुतकात बसलेलो असताना, माझ्या फोनवर अतिवेगाचं चलान आलं, तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं असेल असं वाटलं. फोटो उघडला. गाडी माझीच होती. खाली वेग, ठिकाण, तारीख आणि वेळ: दुपारचे तीन वाजून सेहेचाळीस मिनिटं.

शेजारी आत्या बसली होती. चष्मा नसल्याने तिला वाचता येईना. ‘काय तें?’ म्हणून तिने विचारलं, आणि मी सांगितलं. वेळ तेवढी सांगितली नाही.

झालं! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या ते ऐकवू लागली. ‘जन्मांत हा कधीं वेगानें गेला नाहीं. आईसाठीं कसा धावला पाहा, दंड बसला.’ लोक माझ्याकडे मायेने बघायचे. कुणी पाठीवरून हात फिरवायचं. मी मान खाली घालायचो, तर तेही त्यांना दुःखच वाटायचं. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आईचे गुडघे गेलेले, म्हणून ती दोन वर्षं बहिणीकडे राहत होती. त्या दोन वर्षांत ‘आईचें कांहीं खरें नाहीं, ये’ असा बहिणीचा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा हातातलं टाकून निघालो. तिसऱ्या वेळी पोचलो, तर आई उशीला टेकून कॉफी पीत होती आणि दाढी न करता बाहेर पडलो म्हणून उलट मलाच बोलली. म्हणून चौथा फोन दुपारी दीडला आला तेव्हा ‘निघालोंच’ म्हणालो आणि पान वाढून घेतलं. बायको मुलीच्या बाळंतपणाला चेन्नईला गेलेली, घरात मी एकटा. रसमभात झाला, ताकभात झाला. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हटलं. जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि बहिणीचे दोन फोन येऊन गेले होते.

मग मात्र मी सुटलो. आई तीन चाळीसला गेली. म्हणजे कॅमेऱ्याने मला टिपलं तेव्हा ती जाऊन सहा मिनिटं झाली होती. जन्मभर मी कॉलेजात गणित शिकवलं, मिनिटभर उशीर करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं. आता ही सहा मिनिटांची वजाबाकी उठता-बसता, जेवता-खाता डोक्यात होत राहिली.

तेरावं झालं आणि बहिणीच्या नवऱ्याने विषय काढला. ते कोर्टात नोकरीला आहेत. आई गेली त्या दुपारीही ते तिथेच होते. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

‘अण्णा, दंड भरूं नका. आई अत्यवस्थ होती म्हणून अर्ज करूं. डॉक्टरांचा दाखला जोडूं. माफ करतील.’

‘जाऊं द्या कीं,’ मी म्हणालो.

‘जाऊं द्या काय? तुम्ही चोरी केली काय?’ त्यांनी कागद ओढला आणि भराभर लिहायला सुरुवात केली. अर्ध्यावर आले आणि पेन थांबलं. ‘फोन किती वाजतां आला, तें घालायला पाहिजे.’

दीड म्हणालो, तर पंचवीस किलोमीटरच्या रस्त्याला एवढा वेळ कसा लागला, हे साहेबाच्या आधी घरचेच विचारतील. साडेतीन म्हणालो, तर आईच्या मरणावर खोटं लिहून सरकारदरबारी द्यायचं.

‘साडेतीन,’ स्वयंपाकघराच्या दारातून बहीण म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

त्यांनी ते लिहिलं, कागद माझ्यासमोर फिरवला आणि पेन दिलं. सही करावी असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. कुणाचं नुकसान नव्हतं. आत्याचं कौतुक खरं ठरलं असतं, मी शहाण्यासारखा सुटलो असतो, आणि खोटं तर मी बोललोही नव्हतो. मी पेन टोपण लावून कागदावर ठेवलं.

‘अर्ज नको,’ मी म्हणालो. ‘मी दंड भरतों.’

त्यांना ते लागलं. ‘तुमची मर्जी,’ म्हणून त्यांनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि ते बाहेर गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. बहीण विळीवर घेवडा चिरत होती. मी समोर खाली बसलो.

‘तूं दीडला फोन केला होतास.’

‘मज ठावें आहे.’

‘मग साडेतीन कां सांगितलेंस?’

‘तेरा दिवस विचारील त्याला तेंच सांगतें आहे.’ तिचा हात चालूच होता. ‘आईलाही खोटेंच सांगितलें कीं.’

‘आईला काय सांगितलेंस?’

‘कुठवर आला, कुठवर आला, म्हणून विचारत होती. तूं फोन उचलेनास. पळ्ळिअग्रहारम आलें, मी म्हणालें. मग पसुपतीकोविल. मग अय्यमपेट्टै. दर वेळीं एक गांव पुढें. गांवें संपलीं, अण्णा. मग रेल्वेचें फाटक पडलें आहे म्हणालें.’

‘मग?’

‘मग काय. सरी, बरें, फाटक उघडेपर्यंत थांबतें, म्हणाली.’