तुरळक ठिकाणी, म्हणजे सांडोरला

पास्कूकाकांचा हवामानाचा अंदाज दहापैकी आठ वेळा चुकायचा.

काल दुपारी ते गेले. वय झालं होतं. फार त्रास झाला नाही.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. पास्कूकाका आमच्या सांडोर गावातले शेजारी. नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी नाक्यावरचा मंडळाचा फळा ताब्यात घेतला. संध्याकाळी रेडिओचं बुलेटिन ऐकायचं आणि खडूने उद्याचं हवामान लिहायचं. कोणी सांगितलं नव्हतं.

रेडिओ म्हणायचा, "कोकणात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सरी."

काका लिहायचे, "सांडोर : मेघगर्जनेसह सरी."

"काका, तुरळक ठिकाणी म्हणजे आपणच कशावरून?"

"आपण नाही, हे तरी कशावरून?"



उत्तरेत थंडीची लाट आली की हे इथे माकडटोपी घालून फिरत. लोक हसायचे. पण ज्यांच्या अंगणात सुकेळी वाळत असायची, ते फळा वाचूनच पुढे जायचे. राजेळी केळी सोलून आठवडाभर मांडवावर उन्हात ठेवतात. एक सर पडली की खेळ खलास. आणि उगाच झाकून ठेवली तरी बुरशी धरते.

नव्वदच्या दशकातला एक ऑक्टोबर. ताईचं लग्न ठरलं होतं. तिच्या सासरी द्यायची सुकेळी आईने घातली होती.

फळ्यावर ओळीने तीन दिवस सरी. आईने तीन दिवस झाकली. पावसाचा पत्ता नाही. केळी चिकट व्हायला लागली.

चौथ्या दिवशी आईने काकांना नाक्यावरच गाठलं, चार लोकांसमोर.

"तुमच्या खडूपायी माझी केळी नासतात, दादा. पोरीच्या सासरी काय देऊ, तुमचा फळा?"

त्या संध्याकाळी फळ्यावर होतं, "सांडोर : कोरडे हवामान."

दुसऱ्या दिवशी आई सुकेळी उघडी टाकून भाजी घेऊन बाजारात गेली. मी कॉलेजला, ताई कामावर. दोनच्या सुमारास कामणच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि अर्धा तास कडाडून कोसळलं.

संध्याकाळी काका अंगणात येऊन उभे राहिले.

"मार्था, रेडिओने सरीच सांगितल्या होत्या. मीच कोरडं लिहिलं. तुला एक दिवस ऊन मिळावं म्हणून."

आईने भिजलेली केळी टोपलीत भरली.

मग म्हणाली, "फळ्यावर लिहून ऊन पडतं होय, दादा? ऐकाल ते लिहा. झाकायचं की नाही, ते माझं मी बघेन."

ताईच्या सासरी दुकानातली मिठाई गेली.

त्यानंतर काकांनी "कोरडे" हा शब्द फार जपून वापरला. आणि फळ्यावर सरी दिसल्या की आई मुकाट झाकायची. दहापैकी आठ वेळा उगाचच.

आज चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला निघालो तेव्हा कडक ऊन होतं. यंदाची सुकेळी मांडवावर. आई दारातून मागे फिरली आणि प्लास्टिक घेऊन आली.

"आई, आभाळात एक ढग नाही."

"फळ्यावर आहे ना."

जाताना बघितलं. अंथरुणाला खिळण्याआधी त्यांनी लिहिलेली शेवटची ओळ तशीच होती. अक्षर हललेलं. "सांडोर : मेघगर्जनेसह सरी."

पाऊस आला नाही. मला मात्र आज पहिल्यांदा वाटलं, यायला हवा होता.

काका, शांत झोपा. आमच्याकडे सगळं झाकलेलं आहे.