घरात बांधलेला दोर

शाम शुई पो वस्तीतले परांचीवाले सिक-लामला ‘दारठोक्या’ म्हणायचे. गडी बांबू बांधण्यात उस्ताद, त्याबद्दल कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. पण जुन्या इमारतीचा एखादा पाइप बदलायचा, त्यासाठी भिंतीत खिळे ठोकून उभं राहण्यापुरती परांची टांगायची, तर एवढ्याशा कामाला हा बाबा आधी लोकांची दारं ठोठावत फिरायचा. कमरेचा दोर त्याला खिडकीतून आत, कुणाच्या तरी घरात बांधायचा असे.

बाकीचे काय करत? ज्या बांबूवर उभे, त्यालाच दोराचा आकडा अडकवत. झालं काम! साहेब खालून बघणार, त्याला आकडा दिसणार, साहेब खूश. अरे, पण ज्या फांदीवर बसलास, तिलाच स्वतःला बांधून काय उपयोग? सिक-लामचा थोरला भाऊ असाच गेला. कुजक्या भिंतीतून खिळे निखळले आणि भाऊ, बांबू, दोर सगळं एकदम रस्त्यावर आलं. आकडा बांबूला तसाच अडकलेला होता. तो सिक-लामने स्वतःच्या हाताने सोडवला होता.

त्याचा जोडीदार होई-वान म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाने भलताच फटकळ.

“दाजी, तुम्ही परांची बांधता की पोरीसाठी स्थळं बघत फिरता?”

“गप रे. तुझ्या बहिणीला तोंड दाखवायचंय मला.”

ते खरंच होतं. त्याच्या बायकोला, याउ-मेईला, आईबाप नव्हते. भाऊ या धंद्यात शिरला तेव्हा ती नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, “अहो, माझं माहेर म्हणजे हा एकटा. सांभाळा त्याला.” सिक-लामने मान डोलावली होती, आणि तेव्हापासून दारं ठोठावण्याची त्याला लाज वाटेनाशी झाली.

चिनी नव्या वर्षाचा पहिला महिना चालू होता. दारोदारी लाल कागद, घरोघरी संत्र्यांच्या राशी. या महिन्यात बोलताना जीभ फार जपावी लागते. साधा वाडगा फुटला तरी बायका घाईघाईने शुभ बोलून घेतात. मग दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून ‘पडणं’, ‘मरणं’ असले शब्द काढायची कुणाची हिंमत!

फोक आजींनी दार किलकिलं केलं. “दोर? माझ्या घरात? कशाला रे?”

आत पूर्वजांपुढे उदबत्ती जळत होती. सिक-लामच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“बांबू हलू नयेत म्हणून, आजी. वारा सुटतो ना.”

“नुसता बांबूंसाठी?”

“नुसता बांबूंसाठी.”

आजींनी दार उघडलं. आतल्या खोलीच्या दाराला त्याने एक जाड बांबू आडवा टेकवला, त्याला दोर बांधला आणि होई-वानच्या कमरेसाठी खिडकीतून बाहेर सोडला. “सोडू नका हं,” असं दोनदा बजावलं. “मी कशाला हात लावते!” म्हणत आजींनी उलट त्याच्याच हातावर दोन संत्री ठेवली. एक होई-वानने परांचीवर चढता चढता सोलून खाल्लं. “आजीचं स्थळ मला पसंत आहे, दाजी!” तो वरून ओरडला. खाली बांबू उचलून देणारा सिक-लाम हसला.

दुपारी आजींची लेक जावयाला आणि तान्ह्या नातीला घेऊन नव्या वर्षाच्या भेटीला आली. पोर झोपलेली, आणि तिला निजवायचं तर आतल्या खोलीत. दारात हा बांबू आडवा! आजींनी गाठ सोडली, बांबू बाजूला ठेवला. म्हातारी तशी शब्दाची पक्की, दोर तिने वाऱ्यावर सोडला नाही. खुर्चीच्या पायाला बांधून टाकला.

थोड्याच वेळात भिंतीने खिळे सोडले आणि होई-वान परांचीसकट खाली गेला. दोरामागे खुर्ची फरफटत खिडकीशी गेली, गजांवर आपटली आणि तिचा पाय मोडून दोराबरोबर बाहेर गेला. सिक-लाम खालीच होता. त्याने सगळं पाहिलं.

याउ-मेई रडली नाही. भाऊ गेल्याचं कळल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून तिने एकच विचारलं, “त्या बाईंना सांगितलं होतंत ना, दोर कशाला ते?”

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग बघायची थांबली. घरात दोघं अजून एकाच ताटलीतली मासळी खातात. पण त्या दिवसानंतर तिने त्याला ‘अहो’ म्हणून हाक मारलेली नाही.

फोक आजी त्याचे हात धरून रडल्या. “तू बांबूंसाठी म्हणालास रे बाबा! मला वाटलं, बांबूंचं काय एवढं. माणूस आहे म्हणाला असतास, तर पोरीला मांडीवर घेऊन बसले असते मी!” तिला काय बोलणार? कपाळ!

पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, सिक-लाम दुसऱ्या एका दारात उभा होता. बाहेर भिंतीच्या परांचीवर नवा जोडीदार खोळंबलेला.

“दोर कशाला?” आतल्या बाईने विचारलं.

“माणूस पडून मरू नये म्हणून,” सिक-लाम म्हणाला.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. “थू! थू! सणासुदीला माझ्या दारात मरणाचं बोलतोस? थुंक आधी! थुंक आणि शुभ बोल!”

“ताई, खरं सांगतोय. ऐका तरी...”

दार धाडकन लागलं. त्याने वरचं दार ठोठावलं, खालचं ठोठावलं. तेच शब्द बोलला, तीच शिवी खाल्ली. शेवटी जिन्याच्या खिडकीतून जोडीदाराला म्हणाला, “उतर.”

जोडीदार उतरला. ठेकेदाराने दोघांनाही घरी पाठवलं. परत जाताना सिक-लामने रस्त्यावरून वर पाहिलं. तिथे दुसराच कुणीतरी चढला होता आणि आपला आकडा पायाखालच्या बांबूला अडकवत होता.